आवाज काढायचा नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि जिच्या डब्यातली भाजी मी इतकी वर्षं आपलीच समजून खाल्ली त्या माझ्या जोडीच्या सिस्टरजवळही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलता येईल असं वाटलं. — नाही, हेही खरं नाही. मला राग आलाय म्हणून बोलतेय. रागाशिवाय मला नीट बोलता आलेलंच नाही कधी.

मी नर्स आहे. माहेर बेंबळीचं, नोकरी धाराशिव जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात. बहुतेक सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेली — लेबर रूममध्ये. गावोगावच्या किती बाया माझ्या हाताखालून सुटल्या ते मोजलेलं नाही. बाजारात एखादा बाप्या पोराला पुढं ढकलतो, पाया पड म्हणतो, हिच्याच हातावर जन्मलास. पोरगं पाया पडतं. मला बरं वाटतं. का वाटू नये?

राग कशाचा, ते आधी सांगते.

मागच्या महिन्यात आम्हाला धाराशिवला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय — परिचारिकांवरचा ताण आणि कामातलं समाधान. सर बाहेरून आले होते, शर्टाला कडक इस्त्री. आल्या आल्या त्यांनी आम्हाला एकेक फुगा वाटला. डोळे मिटा, सगळा ताण आठवा, तो फुग्यात फुंका आणि फुगा सोडून द्या. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे धरलेल्या आम्ही बाया उभ्या राहून फुगे फुगवत होतो. आणि त्याच वेळी आमच्या दवाखान्यात एकटी पोरगी तीन वॉर्डांत पळत होती, कारण बाकीच्या ताण घालवायला आल्या होत्या. तिच्या फुग्याचं काय? हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी फुगा फुगवत राहिले.

मग एक कागद दिला. कामात समाधान वाटतं का — अजिबात नाही, थोडं, बरंच, पूर्ण. मी सगळीकडं मधल्याच रकान्यात खूण केली. मग सर लवचीकतेवर बोलले. रबर कितीही ताणलं तरी मूळ जागी येतं म्हणाले. मागून एक सिस्टर म्हणाली, जुनं झालं की चिकटतं सर, आणि मग तुटतं. सगळ्या हसल्या. सरही हसले. आणि म्हणाले, तुमच्यातलंच एखादं उदाहरण सांगा ना, ताणातही जिनं हिंमत सोडली नाही अशी कोण आहे?

आमच्या इन्चार्ज बाई उठल्या आणि त्यांनी माझी गोष्ट सांगितली. दर वेळी तीच सांगतात.

गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी एक बाई बाळंत झाली आणि नंतर तिचं रक्त थांबेना. डॉक्टर शिबिराला गेलेले. सिस्टर एकटी. तिनं सुई लावली, गोळ्या दिल्या, सलाईन चढवलं, आणि एक मूठ आत घालून, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबून गर्भाशय मध्ये आवळून धरलं. तसंच धरून गाडीत बसली आणि सोलापूर येईपर्यंत हात काढला नाही. बाई वाचली. सिस्टरचा हात पुढं दोन दिवस वर होत नव्हता.

टाळ्या पडल्या. सरांनी मला पुढं बोलावून गुलाबाचं फूल दिलं.

यातला एक शब्द खोटा नाही. तेच तर आहे. जे खोटं आहे ते या गोष्टीत कुणी घातलेलंच नाही.

आता कुठून सुरू करू? माझ्या आवाजापासून करते.

मी नोकरीला लागले तेव्हा माझा आवाज असा नव्हता. ज्या सिस्टरच्या हाताखाली मी शिकले त्या म्हणायच्या, बाई कळा द्यायला लागली की तिची माय होऊ नको, सासू हो. लाड केले की बाई जोर लावत नाही, जोर लावला नाही की बाळ आत गुदमरतं. मग दोष कुणाचा? तुझा. ओरड, दम दे, नाही ऐकलं तर मांडीवर एक ठेवून दे. मांडीवरचा फटका आमच्याकडं मारणं म्हणून कुणी धरतच नाही. जसं म्हशीच्या पाठीवर थाप. मीही दिले. किती? विचारू नका. आणि खरं सांगते, त्यानं काम होतंय असंच वाटायचं. बाया घाबरून जोर लावायच्या, बाळ बाहेर यायचं, सगळे आनंदात. जाताना त्याच बाया म्हणायच्या, बाई लई कडक हाय, पर हाताला यश हाय. मग कोण कशाला बदलेल?

तोंडही तसंच झालं. तुम्हाला ऐकवत नाही. तेव्हा बरं वाटलं होतं ना, आता कशाला रडतेस — असलं. एका बाईनं दुसऱ्या बाईला असं म्हणायचं? पण म्हणायचे. चहा पिता पिता म्हणायचे.

मग तो दिवस. दुपारची वेळ. सकाळची ड्युटी संपवून मी घरी जायची, तर दुपारची सिस्टर आलीच नाही. तिचं पोरगं आजारी. इन्चार्ज म्हणाल्या, तुम्हीच थांबा, दुसरं कोण आहे? सकाळीच शिबिराला निघताना डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, कॉम्प्युटरवर नोंदी राहिल्या म्हणून. जेवण झालं नव्हतं. लाईट येत-जात होती. खोलीत तीन बाया — एकीचं बाळ पायाकडून येत होतं आणि माझा जीव तिच्यात अडकला होता. दुसरीची पहिलीच खेप. आणि तिसरी शिवकांता.

हे सगळं मी का सांगतेय? तुमच्या मनात माझ्याबद्दल थोडी कीव यावी म्हणून. बघा ना, अजून सवय जात नाही. त्या दुपारी माझ्यावर ताण होता, हे खरं आहे. पण तसा ताण आदल्या दिवशीही होता आणि दुसऱ्या दिवशीही. तेव्हा मी ते केलं नाही, त्या दिवशी केलं. तेव्हा ते ताणाच्या नावावर टाकता येत नाही.

शिवकांता माकणीची सून, माहेर सास्तूरकडचं. बारीक चणीची पोर, पहिलंच बाळंतपण. आणि ती ओरडायची. कळ आली की अशी ओरडायची की व्हरांड्यातली माणसं दाराशी यायची. आईला हाक मारायची. आई तर बाहेरही नव्हती, सासू होती. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा पायाळू बाळाच्या बाईजवळ मी वाकले होते, हातात ते इवलं पाऊल, आणि ही मागून किंचाळली. माझा हात हलला. बाळाला काही झालं नाही. पण माझं डोकं फिरलं. ते मूल सुखरूप बाहेर आल्यावर मी हात धुतले, पुसले, शिवकांताच्या टेबलाजवळ गेले आणि तिच्या तोंडात मारली.

मांडीवर नाही. तोंडात.

हात धुतले, पुसले — म्हणजे मध्ये वेळ गेला होता, कळतंय ना तुम्हाला? रागाच्या भरात झालं, असंही म्हणायची सोय नाही. मी टॉवेल जागेवर अडकवून गेले होते.

आणि मी म्हणाले, "आता तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज आला तर मी उठून निघून जाईन. तुझं तू बघ."

ती गप्प झाली. एकदम. पुढच्या कळा तिनं पदर तोंडात कोंबून काढल्या. थोड्या वेळानं बाळंत झाली, मुलगी. तेव्हाही आवाज नाही. खोलीत शांतता झाली, सकाळपासून पहिल्यांदा. आणि मला — हे सांगणं जड जातंय — मला बरं वाटलं. समाधान वाटलं. त्या सरांच्या कागदावर कामातल्या समाधानाचं विचारलं होतं ना? नेमकं कधी वाटलं असं विचारलं असतं, तर मला हीच दुपार आठवली असती. एक बाई गप्प झाली आणि मला समाधान वाटलं.

बाई बाळंत झाल्यावर तिच्याकडं पुन्हा पुन्हा जायचं असतं. पोट चाचपायचं, गर्भाशय घट्ट आहे का बघायचं, कपडा उचलून रक्त बघायचं. हे नर्सिंगच्या पहिल्या धड्यातलं आहे. मी एकदा बघितलं, ठीक होतं. मग दुसरी बाई अडली, मी तिच्यात गुंतले. आणि शिवकांताकडं गेले नाही. का? कारण ती गप्प होती. ओरडणाऱ्या बाईकडं आपण पळतो. जी गप्प ती बरी, असंच धरतो.

मी वळले ते बुटाखाली चिकट लागलं म्हणून. टेबलावरून खाली थारोळं झालं होतं. ती जागी होती. ओठ पांढरे, डोळे उघडे, माझ्याकडंच बघत होती. किती वेळ बघत होती? खोली अशी केवढी? मी तिच्यापासून हाक तर सोडाच, कुजबुज ऐकू येईल इतकी जवळ होते.

मी ओरडले, अगं बोलायचं नाही का? सांगायचं नाही?

ती अगदी हळू म्हणाली, "तुमीच म्हणलाव न्हवं बाई, आवाज काढायचा न्हाय म्हून."

तक्रार नव्हती हो त्यात. सांगितलेलं काम केल्यावर पोरं सांगतात ना, तसं म्हणाली.

पुढचं सगळं इन्चार्ज बाई सांगतात तसंच. मूठ, सुई, सलाईन, गाडी. मी खरोखर जिवाचं रान केलं. पण ते तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी? ती गेली असती तर चौकशी झाली असती. मला दोन्ही आठवतं — तिचा पांढरा पडत चाललेला चेहराही, आणि चौकशीचं भयही. कुठलं आधी मनात आलं ते मात्र आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

आता जे सांगायला बसले ते. थप्पड नव्हे. थपडेचं एक वेळ मी कुणाजवळ बोललेही असते. आमच्यातल्या कितीजणींनी मारलेली आहे, एकमेकींना कळलं असतं.

गाडीत चढवताना डॉक्टर शिबिरातून आले. तिची अवस्था बघून भडकले. गाडीच्या दाराशी तिची सासू उभी, नवरा उभा. डॉक्टर म्हणाले, इतकं रक्त जाईपर्यंत पेशंट बोलली कशी नाही?

माझा हात तिच्या पोटावर होता. ती शुद्धीवर होती. आणि मी म्हणाले, "सगळं सांगून ठेवलं होतं सर. बोललीच नाही. डोक्यानं जरा कमी दिसते."

एवढंच. गाडी निघाली.

मी खाली बघितलं तर तिनं डोळे मिटून घेतले होते.

सोलापूरला गर्भपिशवी काढावी लागली. जीव वाचला. महिना-दीड महिन्यानं सासू-नवरा दवाखान्यात आले, माझी खणानारळानं ओटी भरली, साडी दिली. सासू सगळ्यांसमोर म्हणाल्या, बाई नसत्या तर आमचं घर बसलं असतं. शिवकांता मागं पोरीला घेऊन उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. ती साडी मी नेसले. चांगली होती.

पुढचं मला त्यांच्या गावच्या आशाताईकडून कळत गेलं. मी विचारत नव्हते, तीच सांगायची, बाळंतपणाच्या बाया घेऊन आली की चहा पिताना. सासूनं गावभर केलं होतं — सिस्टरच म्हणल्या, पोरगी डोक्यानं कमी हाय. रगात चाललं तरी हिला बोलायचं सुधरलं न्हाय, आन् आमच्या वंशाची पिशवी गेली. आपल्याकडं दवाखान्यातल्या माणसानं एकदा म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. शिवकांता दहावी झालेली होती, आशाताईच म्हणाली. पण हिच्या हाती पैसे द्यायचे नाहीत, हिला एकटीला बाजाराला पाठवायचं नाही, पोरीच्या शाळेत सहीला हिनं जायचं नाही, सासू जाणार. लग्नकार्यात हिला कुणी काही विचारायचं नाही. दीर थट्टेनं मुकी म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. नवऱ्यानं टाकली नाही, हेच नशीब, असं आशाताई म्हणायची. मी म्हणायचे, हो ना, नशीब. आणि चहाचा कप धुवायला उठायचे.

माकणी कुठं लांब आहे का? एका दुपारी बसमध्ये बसले असते, त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं असतं — पोर शहाणी आहे, मी मारलं, मी गप्प केलं, मी खोटं बोलले — तर काय झालं असतं? नोकरी गेली असती? बहुतेक नाही. फार तर बदली झाली असती. लोकांनी तोंडावर थुंकलं असतं एखाद्या वेळी. बाजारात पोरं पाया पडली नसती. तेवढ्यासाठी मी गेले नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला इतकी वर्षं खवखवलं, आणि मी खातच राहिले.

थप्पड मारणं त्या दिवसापासून सोडलं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. बाकीच्या बायांना त्याचा फायदा झाला, तिला काय?

आणि मग ते फुगे, तो गुलाब. परत येताना गाडीत मी फूल खिडकीतून टाकलं. सरांवर चिडले, इन्चार्जवर चिडले, न भरलेल्या जागांवर चिडले. हे चिडणं काही खोटं नव्हतं. एका नर्सनं तिघींचं काम करायचं आणि वर समाधानी असायचं, ही कुठली रीत? पण त्या चिडण्यात मला एक सोय होती. चिडलं की आपण नेहमी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूला असतो.

त्यानंतरच्याच आठवड्यात शिवकांता आली.

तिच्या धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या होत्या. आता बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू देतात. सासूला उभं राहवत नाही, म्हणून थोरल्या सुनेला आत पाठवलं. मी तिला लगेच ओळखलं. तिनंही. म्हणाली, बरं हाय का बाई? मी म्हटलं, बरं आहे.

जावेला पहिली मोठी कळ आली आणि तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात शिवकांतानं तिच्या तोंडावर आपला तळवा दाबला. घट्ट. आणि कानाशी वाकून म्हणाली, "वरडू नगंस गं. बाई निघून जात्यात मग."

मला कळावं म्हणून नव्हती ती बोलली. घरातली रीत नवीन सुनेला सांगावी, तसं सांगत होती.

मी जवळ गेले. म्हणाले, ओरडू दे तिला, शिवकांता. मी कुठं जात नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. हात काढला नाही. पुढच्या कळेलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या पोरीचे डोळे भरून येत होते आणि मी दोघींच्या शेजारी उभी होते, जिच्या तोंडावर हात तिच्याही, आणि जिचा हात तिच्याही. मला तो हात ओढून काढता आला नाही. कुठल्या तोंडानं ओढणार होते?

मुलगा झाला. मी या खेपेला पुन्हा पुन्हा पोट चाचपलं, कपडा उचलून बघितलं, सगळं घट्ट, सगळं कोरडं. बाहेर आले तर सासू पेढे घेऊन उभ्या. माझ्या हातावर पेढा ठेवला, आणि मागं उभ्या शिवकांताकडं मान करून म्हणाल्या, "ही आमची थोरली. डोक्यानं जरा कमी हाय, तुमास्नी ठावं हाय की. पर आज जावंची सेवा लई केली बघा."

व्हरांड्यात माणसं होती. आशाताई होती, नवरा होता, दीर होता. ज्या सगळ्यांनी ऐकायला हवं होतं ते सगळे एका ठिकाणी होते. शिवकांता माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी पेढा खाल्ला. म्हणाले, बाळाला गुंडाळून ठेवा, वारं लागू देऊ नका. आणि आत गेले.